वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकमधील रेडिओची तुटलेली जोडणी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या अडचणींची किल्लीही बरीचशी त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे सुमारे २५ वर्षांपूर्वीचा, १२ व्होल्टचा एक हलका ट्रक आहे. आधीच्या मालकाने केव्हातरी दुसरा रेडिओ बसवताना मूळचा प्लग कापून टाकला आणि उघड्या वायरी एकमेकींना पिळून त्यांवर टेप गुंडाळली. काही वायरी एका लहान पांढऱ्या कनेक्टरमध्ये घातल्या आहेत. आता गाडी खड्ड्यातून गेली की रेडिओ बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप लागतो, आणि लागल्यावर घड्याळ व जतन केलेली स्टेशने पुसली गेलेली असतात. मागे पाहिले तेव्हा त्या पांढऱ्या कनेक्टरचा एक कोपरा तपकिरी पडून वितळलेला दिसला. मल्टीमीटर लावला तर १२.४ व्होल्ट व्यवस्थित मिळतात. मग दोष रेडिओतच आहे का? आणि कनेक्टर दुरुस्त करावेत की सगळी वायरिंगच नवी टाकावी?

उत्तर : दोष रेडिओत नसावा, त्यामुळे नवा रेडिओ आणण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. त्याचा पुरावा आपल्या पत्रातच आहे. आवाज बंद पडणे आणि स्टेशने पुसली जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रेडिओला वीज दोन वाटांनी मिळते. एक वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते आणि रेडिओ चालू करते. दुसरी बॅटरीशी कायम जोडलेली असते आणि चावी काढून घेतल्यावरही घड्याळ व स्टेशनांची आठवण सांभाळते. केवळ चावीच्या वायरीत लूज कॉन्टॅक्ट असता, तर रेडिओ बंद पडला असता, पण परत लागल्यावर स्टेशने जागच्या जागी सापडली असती. आपल्याकडे आठवणच पुसली जाते, म्हणजे एकतर कायम जिवंत असलेली वायर मध्येच तुटते आहे किंवा दोन्ही वाटांना सामाईक असलेली अर्थची वायर, म्हणजे वीज बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी. वितळलेल्या कोपऱ्यात यांपैकी कोणती वायर शिरते ते पाहा; बहुधा शोध तिथेच संपेल.

आता त्या १२.४ व्होल्टविषयी, कारण या आकड्याने भल्याभल्यांना फसवले आहे. मल्टीमीटर व्होल्ट मोजताना स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वायरीतल्या वीस-पंचवीस बारीक तारांपैकी केसाएवढी एकच तार शिल्लक असली, तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. गाळाने चोंदलेल्या नळातही तोटी बंद असेपर्यंत दाब पूर्णच असतो, धार कशी येते ते तोटी उघडल्यावर कळते. तसेच हे आहे. म्हणून मोजताना भार लावावा. इंडिकेटरचा किंवा ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन त्याला दोन वायरी जोडल्या, की १२ व्होल्टवर तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. रेडिओ काढून त्याच्या जागी हा बल्ब वीज आणि अर्थ यांच्यामध्ये लावावा, आणि तो पेटलेला असताना मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे कनेक्टरमधल्या वीजवायरीला लावावे. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत असे समजावे. तसेच अर्थच्या बाजूने बॅटरीचे ऋण टोक आणि कनेक्टरमधली अर्थची वायर यांच्यामध्ये मोजावे. एक-दोन दशांश व्होल्ट मी चालवून घेतो. त्याहून जास्त आले, तर सांधा कुठे खराब आहे ते शोधतो. मोजताना वायरी हाताने हलवत राहाव्यात, कारण आपला दोष हलल्यावरच प्रकट होणारा आहे.

कनेक्टर का वितळला हेही या हिशेबातून कळते. सैल पडलेल्या, गंजलेल्या पिनेचा रोध ०.२ ओहम धरला आणि मोठ्या आवाजात रेडिओने ५ अँपिअर ओढले, तर त्या एका पिनेवर १ व्होल्ट पडतो आणि ५ वॅट उष्णता तयार होते. पाच वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते नखाहून लहान जागेत, हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकमध्ये कोंडलेले असतात. पिन तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, त्यामुळे ती आणखी सैल होते, रोध वाढतो आणि ती आणखी तापते. फ्यूज या प्रकरणात काहीही करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह नेहमीएवढाच असतो. एकदा तपकिरी पडलेला कनेक्टर साफ करून पुन्हा वापरू नये. त्यातली मादी आणि तिच्यात शिरणारी नर पिन, दोन्ही बदलाव्यात. नव्या मादीत जुनी करपलेली पिन घातली, तर तिचा खरबरीत पृष्ठभाग नव्या मादीलाही लवकरच खराब करतो.

सगळी वायरिंग बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. फ्यूजबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत आलेली मूळ वायर आवरणात सुरक्षित असते. हाताळून हाताळून खराब झालेला भाग शेवटच्या वीतभराचा असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. वायरीचे आवरण टोकाशी सोलून आतले तांबे पाहावे. ते लालसर चकचकीत असले, तर वायर चांगली. काळवंडलेले किंवा हिरवे पडलेले असले, तर सेंटीमीटर-सेंटीमीटर मागे कापत जावे आणि चकचकीत तांबे लागेपर्यंत थांबू नये. काळ्या तांब्यावर डाख (सोल्डर) बसत नाही आणि त्यावर दाबलेले टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, काही महिन्यांत पुन्हा दगा देते. आवरण वाकवल्यावर तडकत असेल, तर त्यातला मऊपणा देणारा घटक उष्णतेने उडून गेला आहे असे समजून तो भागही काढून टाकावा. वायर आखूड पडली तर तेवढ्याच किंवा त्याहून किंचित जाड वायरीचा तुकडा जोडावा: वीज आणि अर्थ यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर आणि स्पीकरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटर पुरेसे होते. तार बारीक धाग्यांचीच हवी, घरातल्या वायरिंगमध्ये वापरतात तसली एकसंध जाड तार गाडीच्या कंपनात तुटते.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढावे. धन आधी काढायला गेल्यास पाना चुकून बॉडीला लागून ठिणगी उडते. ऋण आधी काढले की तो धोका राहत नाही. जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण शेवटी. मूळचा रेडिओ असलेल्या काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ सांकेतिक क्रमांक मागतो, तो आधीच हाताशी असावा. डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या, तर त्या एअरबॅगच्या असण्याची दाट शक्यता असते. त्यांना बल्ब लावू नये आणि मल्टीमीटरही लावू नये. आणखी एक, मोबाइलवर आहे तसा सगळ्या जोडणीचा फोटो काढून ठेवावा. चुकीची जोडणीसुद्धा माहिती असते.

यानंतर प्रत्येक वायर ओळखायची. बाजारातल्या बहुतेक रेडिओंच्या वायरींना एक रूढ रंगसंगती आहे: पिवळी कायम जिवंत, लाल चावीची, काळी अर्थची, निळी एरियलची मोटर वर-खाली करणारी, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अॅम्प्लिफायर चालू करणारी आणि नारिंगी दिव्यांबरोबर रेडिओचा उजेड जुळवणारी. स्पीकरच्या जोड्या पांढरी पुढे डावीकडे, करडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे व जांभळी मागे उजवीकडे, आणि प्रत्येक जोडीतली काळी रेघ असलेली वायर ऋण बाजूची. हे रंग रेडिओच्या बाजूचे आहेत; ट्रकच्या बाजूचे नव्हेत. ट्रक बनवणाऱ्याने आपल्या सोयीने रंग दिलेले असतात. त्यातली काळी वायर अर्थचीच असेल असे गृहीत धरून जोडणी केल्यामुळे जळालेले रेडिओ मी पाहिले आहेत. म्हणून ट्रककडच्या वायरी रंगावरून न ओळखता मोजून ओळखाव्यात. त्यासाठी सगळी टोके एकमेकांना व बॉडीला लागणार नाहीत अशी सुटी करून बॅटरी तात्पुरती जोडावी. चावी काढलेली असतानाही बल्ब पूर्ण पेटवणारी ती कायमची, चावी फिरवल्यावर पेटवणारी ती चावीची, हेडलाइट लावल्यावर जागी होणारी ती उजेडाची. प्रत्येक टोकावर कागदी टेपचा झेंडा लावून त्यावर नाव लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

मोजताना एक चूक टाळावी, जी मी स्वतः केलेली आहे. एका जुन्या गाडीत कनेक्टरच्या तोंडातून मल्टीमीटरचे जाड टोक आत खुपसून मी प्रत्येक मादी तपासली. आकडे सगळे बरोबर आले आणि रेडिओ जोडल्यावर मात्र आधी चांगला चालणारा डावा स्पीकर खरखरू लागला. टोकाने मादीच्या ओठांमधली फट रुंदावली होती; शोधायला गेलो तो दोष मीच तयार केला होता. तेव्हापासून मी नेहमी मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून, बारीक सुई सरकवून मोजतो. मादी घट्ट आहे की नाही हे पाहायचे असेल, तर त्याच मापाची एक सुटी पिन हाताने घालून काढावी. तिला धरून ठेवल्यासारखे वाटले पाहिजे.

कनेक्टर कोणता घालावा? पहिली निवड, मूळ प्लग परत आणण्याची. भंगारात काढलेल्या त्याच नमुन्याच्या ट्रकमधून कनेक्टर मिळाला, तर तो कमीत कमी १५ सेंटीमीटर वायरीसह कापून घ्यावा, म्हणजे जोडायला पुरेशी लांबी हातात राहते. मूळच्या जागी मूळचा प्लग आला की पुढे कोणताही रेडिओ तयार अॅडॉप्टरने बसवता येतो आणि ट्रकच्या वायरीला पुन्हा कात्री लावावी लागत नाही. तो मिळत नसेल, तर गाडीतल्या रेडिओसाठीच्या आयएसओ १०४८७ या आंतरराष्ट्रीय मानकाचे दोन आठ-आठ पिनांचे ठोकळे घालावेत. एक विजेचा, दुसरा स्पीकरचा. विजेच्या ठोकळ्यात ४ क्रमांकाची जागा कायम जिवंत वायरीची, ७ चावीची, ८ अर्थची, ६ उजेडाची आणि ५ एरियलची. काही गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल केलेली सापडते. तसे झाले की चावी काढताच रेडिओ सगळे विसरतो, म्हणून हे लक्षण दिसल्यास रेडिओला बोल लावण्याआधी या दोन जागा तपासाव्यात. कंटाळून पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायमच्या वायरीला जोडणारेही अनेक आहेत. आठवण राहते, पण रेडिओ हाताने बंद करायला विसरले, की बॅटरी उतरते. केवळ अर्धा अँपिअर ओढला गेला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात.

ठोकळा शाबूत असून एखादीच पिन खराब असेल, तर सगळा ठोकळा बदलण्याचे कारण नाही. पिनेच्या अंगावर पत्र्याची एक लहानशी जीभ उभी असते, ती ठोकळ्यातल्या खाचेत अडकून पिनेला मागे येऊ देत नाही. आधी ठोकळ्यावर वेगळी प्लास्टिकची पट्टी असल्यास ती उचलावी. मग वायर किंचित आत ढकलावी, म्हणजे जिभेवरचा ताण जातो. समोरून घड्याळजीच्या बारीक पेचकसासारखे एक मिलिमीटरचे पाते आत सरकवून ती जीभ दाबावी आणि वायर मागून हलकेच ओढावी. ताण न काढता जोरात ओढले तर वायर हातात येते व पिन आतच राहते. बाहेर काढलेली पिन परत बसवण्याआधी तिची जीभ नखाने थोडी उचलावी, नाहीतर पिन ठोकळ्यात शिरते पण अडकत नाही, आणि रेडिओ मागे ढकलताना तीही मागे सरकते. हा दोष फार चकवतो, कारण बाहेरून सगळे जोडलेले दिसते.

नवे टर्मिनल वायरीवर क्रिम्प करावे, म्हणजे पकडीने दाबून बसवावे, की डाख द्यावा, यावर मेकॅनिकांमध्ये वाद संपणारा नाही. माझे मत क्रिम्पिंगच्या बाजूचे आहे. डाख वितळल्यावर बारीक धाग्यांमधून आवरणाखाली चढतो आणि तेवढी वायर कांबीसारखी ताठ होते. जिथे ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो, नेमकी तिथेच ती कंपनाने तुटते. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर दाबायची, मागची आवरणावर, म्हणजे हिसका तांब्याला बसत नाही. चार-पाच मिलिमीटरच आवरण सोलावे, एकही धागा कापला जाऊ देऊ नये आणि पंख आत वळवणारी योग्य पक्कड वापरावी. साध्या पक्कडीने चेपलेले टर्मिनल त्या दिवशी धरते, वर्षभराने धरेलच असे नाही. दाबून झाल्यावर हाताने खेचून पाहावे. सुटायचेच असेल तर ते टेबलावर सुटलेले बरे. आधी डाख लावून मग क्रिम्प करण्याची पद्धत मात्र सर्वांत वाईट, कारण दाबाखाली डाख हळूहळू सरकतो आणि पकड ढिली होते.

वायरीला वायर जोडायची असेल आणि हाताशी चांगली पक्कड नसेल, तर डाख द्यायला हरकत नाही, पण फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावायचे द्रव्य) राळेचा असावा, पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त नको. तो तांबे खात राहतो. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो व एकदम गोठतो, त्यामुळे गोठताना सांधा हलून भेगाळण्याची शक्यता कमी होते. आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह सांध्यावर ओढावी, आणि ती सांधा करण्याआधी वायरीत ओवायची असते हे लिहून ठेवावे, कारण हे एकदाही न विसरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळे सांधे एका ओळीत न ठेवता दोन-तीन सेंटीमीटर पुढे-मागे ठेवावेत. जुडी जाड होत नाही आणि एखादी स्लीव्ह फाटली तरी शेजारच्या सांध्याशी शॉर्ट होत नाही. साधी काळी टेप डॅशबोर्डमागच्या उष्णतेत पाघळते, तिचा चिकटा हाताला लागतो आणि वायर उघडी पडते. वायर न कापता तिच्यात पाते घुसवून फाटा काढणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपाही ट्रकमध्ये वापरू नयेत. पाते काही धागे कापते आणि उरलेले कंपनाने जातात.

शेवटी गंजासाठी. कनेक्टर साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरे. पॉलिश पेपरने घासल्यास पिनेवरचा कथलाचा मुलामा जातो आणि पुढचा गंज अधिक वेगाने चढतो. कोरडे झाल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा. ते वीज वाहत नाही, तरी घट्ट बसणारी पिन ते बाजूला सारूनच आत जाते, आणि उरलेले ग्रीस ओल बाहेर ठेवते. कायमच्या वायरीवर रेडिओने सांगितलेलाच फ्यूज घालावा. बहुतेकांना १० अँपिअर, म्हणजे लाल रंगाचा पात्याचा फ्यूज लागतो. तो वारंवार उडत असेल, तर १५ अँपिअरचा निळा घालून बघण्याऐवजी कुठे शॉर्ट आहे ते शोधावे. आणि रेडिओ मागे सरकवण्याआधी जुडी ट्रकच्या एखाद्या आधाराला पट्टीने बांधावी. लोंबती जुडी प्रत्येक खड्ड्यात सगळा भार कनेक्टरवर टाकते.

प्रश्न : माझा ट्रक फार जुना आहे. त्यात दोन स्पीकर असून प्रत्येकाकडे एकच वायर जाते. दुसरे टोक बॉडीलाच स्क्रूने लावलेले आहे. नवा रेडिओ जोडल्यावर तो पाच मिनिटे चालला, आवाज फाटका येत होता, मग तापून आपोआप बंद झाला. कनेक्टर मी नवे लावले आहेत.

उत्तर : कनेक्टर निर्दोष असतील, जोडणीची पद्धत मात्र दोन काळांची आहे. जुन्या रेडिओत स्पीकरचे एक टोक बॉडीला जोडणे रीतसर होते. हल्लीच्या रेडिओतला अॅम्प्लिफायर स्पीकरच्या दोन्ही वायरी स्वतंत्रपणे ढकलतो आणि खेचतो. आवाज नसतानाही दोन्ही वायरींवर बॅटरीच्या सुमारे निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली, की अॅम्प्लिफायरचे ते टोक सरळ शॉर्ट होते. आपला रेडिओ स्वसंरक्षणाने बंद झाला हे नशीब. पुन्हा तसाच चालवून त्याची परीक्षा पाहू नये.

उपाय एकच आहे. प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन नव्या वायरी न्याव्यात आणि बॉडीचा स्क्रू कायमचा काढावा. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारे कडे, हवेच, नाहीतर धारदार कड आवरण कापते आणि काही महिन्यांनी हाच दोष परत येतो. जोडण्याआधी रेडिओ सुटा ठेवून मल्टीमीटर ओहमवर लावावा. एका स्पीकरच्या दोन वायरींमध्ये, ४ ओहमचा स्पीकर असल्यास, साधारण साडेतीन ओहम दिसावेत. त्यांपैकी कोणतीही वायर आणि बॉडी यांच्यामध्ये काहीही दिसता कामा नये. दोन्ही स्पीकरांची धन-ऋण बाजू जुळवण्यासाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ‘टक’ असा आवाज येऊन कागदी पडदा बाहेर आला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर स्पीकरची धन वायर होय. एक स्पीकर सुलटा आणि एक उलटा लागला, तर काही जळत नाही, पण खर्जातला आवाज एकमेकांना मारतो आणि ढोलकी पत्र्याची असल्यासारखी वाजते.

प्रश्न : ट्रक २४ व्होल्टचा आहे, दोन बॅटऱ्या आहेत. रेडिओ १२ व्होल्टचा असल्यामुळे एका बॅटरीवरून वायर घेतली आहे. रेडिओ छान चालतो, पण वर्षभरात त्या बॅटरीने दोनदा मान टाकली. दुसरी ठणठणीत आहे. कनेक्टरमधून गळती होत असेल का?

उत्तर : गळती नाही, असमतोल आहे. दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असल्यामुळे अल्टरनेटरकडून दोघींना सारखाच प्रवाह मिळतो, पण खर्च मात्र एकीचाच जास्त होतो. जिच्यावरून रेडिओ चालतो ती अर्धवट भरलेली राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. त्यामुळे जी आज ठणठणीत दिसते तिचेही पाणी आटत असेल, ते तपासावे. रेडिओ छान चालतो, म्हणजे आपण निदान बॉडीकडच्या, जिचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते त्या बॅटरीवरून वायर घेतली असावी. वरच्या बॅटरीचे ऋण टोक रेडिओच्या अर्थला जोडले असते, तर ते टोक बॉडीपेक्षा १२ व्होल्ट वर असल्यामुळे रेडिओचा पत्रा किंवा एरियलच्या वायरीभोवतीची तारांची जाळी बॉडीला लागताक्षणी बॅटरी शॉर्ट झाली असती.

यासाठी २४ वरून १२ व्होल्ट करणारा स्विचिंग पद्धतीचा कन्व्हर्टर घ्यावा, निरंतर १० अँपिअर देणारा. जास्तीचे व्होल्ट केवळ रोधात जाळणारी जुनी पद्धत टाळावी. इंजिन चालू असताना २८ चे १४ करताना ५ अँपिअरवर ७० वॅट उष्णता होते. स्विचिंग कन्व्हर्टर थंड राहतो, परंतु मध्यम लहरींवर खरखर आणू शकतो, म्हणून तो एरियलच्या वायरीपासून लांब बसवावा. फ्यूज कन्व्हर्टरच्या आधी, बॅटरीच्या जवळ असावा. घड्याळासाठी कन्व्हर्टर रात्रंदिवस जिवंत ठेवावा लागेल, तेव्हा तो रिकामा असताना स्वतः किती प्रवाह ओढतो ते विकत घेताना पाहावे. ट्रक आठवडाभर उभा राहत असेल तर हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न : जुनाच रेडिओ आहे, दिवसा मंद का होईना चालतो. हेडलाइट लावले की बंद! दिवे बंद केले की पुन्हा सुरू. चार मेकॅनिकांनी चार कारणे सांगितली.

उत्तर : अर्थची वायर तुटलेली आहे. जुन्या रेडिओत डायल उजळण्यासाठी छोटा बल्ब असतो. त्याचे एक टोक रेडिओच्या पत्र्याला आणि दुसरे नारिंगी वायरीतून डॅशबोर्डच्या दिव्यांना जोडलेले असते. खरी अर्थ तुटल्यावर रेडिओचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि या बल्बातून, डॅशबोर्डच्या दिव्यांमधून बॉडीपर्यंत पोहोचतो. वाट अरुंद, म्हणून आवाज मंद. हेडलाइट लावले की त्याच वायरीवर १२ व्होल्ट येतात, परतीची वाट बंद होते आणि रेडिओ थांबतो. कधीकधी एरियलची जाळीही अर्थचे काम करत असते. एरियल काढल्याबरोबर रेडिओ मेला, तर तेच समजावे, आणि तसा तो अजिबात चालवू नये, कारण त्या बारीक जाळीतून एवढा प्रवाह जाऊ देणे बरे नव्हे.

काळ्या वायरीला गोल छिद्राचे थिंबल क्रिम्प करून ती डॅशबोर्डच्या प्लास्टिकच्या सांगाड्याला न लावता खऱ्या पत्र्याला बोल्टने लावावी. त्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा, बोल्ट आवळावा, आणि ग्रीस आवळल्यानंतर वरून लावावे. मग रेडिओ मोठ्या आवाजात चालवून त्याचा पत्रा आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजावे. ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला, तर हेडलाइट लावून पाहण्याचीही गरज नाही. अर्थात आपण लावून पाहालच.